खंडोबाची धातुमूर्ती



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ग्रंथाबाहेरच्या एका मजकुराचा विचार अनाठायी ठरू नये. देव्हाऱ्यातील खंडोबाची धातुमूर्ती हा असा मजकूर आहे. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांनीही तो अचूक वाचला.

आसनस्थ मूर्तीच्या चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पात्र असते. त्रिशूळ व डमरू शिवाचे, खड्ग वीराचे. अश्वारूढ मूर्तीत म्हाळसा सोबत असते, जवळ कुत्रा असतो, आणि कित्येकदा घोड्याच्या पायांशी दैत्य दिसतो. मल्ल मारला गेला, तरी ‘मल्हारी’ या नावात तो उरला. शरण आलेल्या मणीने देवाला आपला घोडा दिला, अशी कथा आहे. पराभूतालाही या शिल्पात स्थान आहे.

धारवाडकरांना या मूर्तीचे विशेष अगत्य असावे, कारण हाच देव इकडे मैलार म्हणून पूजिला जातो. राणेबेन्नूर तालुक्यातील देवरगुड्ड हे त्याचे प्रसिद्ध ठाणे. तिकडे म्हाळसा आणि बाणाई, इकडे गंगिमाळव्वा आणि कुरुबत्तेव्वा. तिकडे वाघ्या, इकडे गोरवय्या. मराठी भक्ताच्या मुखातील ‘येळकोट’ हा शब्दही कानडी ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी, यावरून आल्याचे मानले जाते. भाषेची सीमा देव्हाऱ्यापर्यंत पोहोचलेली नाही.

ओतकामाची विद्याही याच भूमीत ग्रंथबद्ध झाली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लासा’त मेणाची मूर्ती करून तिला मातीचा लेप देणे, तापवून मेण काढणे व पोकळीत धातू ओतणे ही कृती वर्णिली आहे. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते.

नित्य स्नानाने व मार्जनाने या मूर्तींचे नाकडोळे झिजतात. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन नवे घडवून घेण्याची रीत आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ती योग्यच. परंतु जुन्या घडणीचा पुरावा मुशीत वितळतो. तेव्हा कुटुंबांनी तत्पूर्वी छायाचित्र, वजन, मापे, आयुधांचा क्रम आणि मूळ गावाचे नाव नोंदवून ती नोंद ग्रंथालयाकडे द्यावी. देव नवा व्हावा; त्याचे जुने रूप मात्र वाचता यावे. शंभर वर्षे मजकूर जपणाऱ्या वास्तूला हे काम परके नाही.