वजनकाटा जे सांगत नाही

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार शून्य आहे. मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून पत्रकार. तरीही हा विषय मी मागून घेतला. माझ्या थोरल्या बंधूंवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. चूक आम्ही घरच्यांनी केली. त्यांना अंथरुणावर निजवून ठेवले, पेज-भात भरवला आणि रोज वजन पाहिले. काटा ६२ किलोवरून हलत नव्हता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तीन महिन्यांनी त्यांना जिन्याच्या पाच पायऱ्या चढवेनात. पोटाचा घेर वाढला होता, मांड्या मात्र काठीसारख्या झाल्या होत्या.

वजन तेच आणि शरीर निराळे, हे कसे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! ते दोघेही निरोगी होते. पण काटा काय लपवतो, हे त्या एका चित्राने दाखवले.

कर्करोगात हे लपलेले वास्तव प्राणाशी निगडित ठरते. उत्तर कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग झालेल्या, परंतु तो दूरच्या अवयवांत न पसरलेल्या २,४७० रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. स्नायू मोजण्यासाठी त्यांनी वेगळी तपासणी केली नाही. निदानासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्येच कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचे क्षेत्रफळ मोजले. ४४ टक्के रुग्णांत स्नायू उणे होते.

दुसरी खूण रक्तातली. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल हे आघाडीचे शिपाई. शरीरात दाह असला की ते वाढतात. लिम्फोसाइट या पेशी शत्रू ओळखून लढतात. न्यूट्रोफिलची संख्या लिम्फोसाइटच्या तिप्पट वा अधिक, अशी स्थिती ४६ टक्के रुग्णांत होती. ज्यांच्यात स्नायुक्षय आणि दाह या दोन्ही खुणा होत्या, त्यांचा मृत्यूचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळला.

दाह आणि कर्करोग यांचे नाते विर्खो या जर्मन वैद्याने १८६३ सालीच सुचवले होते. दाह दीर्घकाळ धुमसत राहिला की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन अधिक बनवू लागते, रक्तातील अल्ब्युमिन घटते आणि स्नायूंची झीज होऊ लागते. घरातले धान्य संपल्यावर बियाण्याला हात घालावा, तसा हा प्रकार. ग्लासगो येथील संशोधकांनी याच दोन प्रथिनांवरून रुग्णाचे भवितव्य वर्तवणारी गुणपद्धती बसवली.

येथे एक सावधगिरीची सूचना. घरी जाऊन रक्ताच्या अहवालावर भागाकार करीत बसू नका. साध्या संसर्गानेही हे गुणोत्तर वाढते. शिवाय खूण म्हणजे कारण नव्हे.

मग हाती काय आहे? २०२५ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व नंतरची केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीत व्यायाम दिला, उरलेल्यांना केवळ आरोग्यपुस्तिका. आठ वर्षांनंतर जिवंत असण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ९०.३ टक्के, तर इतरांत ८३.२ टक्के भरले. हा लाभ स्नायूंमुळे की दाह शमल्यामुळे, याचा उलगडा त्या चाचणीने झालेला नाही. पण ‘रुग्णाने पडून राहावे’ ही आपल्या घराघरांतील समजूत तिने हादरवली, हे निश्चित.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारा : स्कॅनमध्ये स्नायू कसे दिसतात? अल्ब्युमिन किती? आहारात प्रथिने किती असावीत आणि चालायला केव्हा लावायचे? आम्ही हे प्रश्न चौथ्या महिन्यात विचारले. आहारतज्ज्ञांनी पेजेच्या जोडीला अंडी, पनीर आणि मुगाचे धिरडे दिले, डॉक्टरांनी जिना नेमून दिला. पहिल्या दिवशी बंधू तीन पायऱ्यांवर थांबले, आणि माझ्यावर रागावले.