शाळेच्या आठवणी : सांगितलेल्या आणि राहून गेलेल्या

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



साठ वर्षांच्या शाळेत माणसे परत येतात, तेव्हा ती प्रथम वर्गाकडे जात नाहीत, पाण्याच्या टाकीकडे जातात. नळ इतका खाली कसा आला, याचे त्यांना नवल वाटते. मग आपला बाक शोधला जातो. तो बहुधा सापडत नाही, पण त्यावर कर्कटकाच्या टोकाने कोरलेले नाव कोणत्या कोपऱ्यात होते हे मात्र प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगून केलेली जुनी घंटा आज कार्यालयाच्या भिंतीशी ठेवली आहे. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनाही आज सकाळी ती एकदा वाजवून पाहिल्यावाचून राहवले नाही.

स्मरणग्रंथासाठी आलेल्या लेखांतूनही हीच शाळा दिसते. मधल्या सुट्टीतली चिंचाबोरे आहेत, स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकात ऐन वेळी सुटलेले धोतर आहे, पाढे चुकल्यावर तळहातावर बसलेली पट्टी आहे. मराठी मुलुखापासून दूर असलेल्या शाळेच्या आठवणींना आणखी एक पदर असतो. फाटकाबाहेर दुकानांच्या पाट्यांची लिपी वेगळी, भाजीवालीची बोली वेगळी. फाटकाच्या आत आले की फळ्यावर बाळबोध अक्षरात सुविचार. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या या मुलांनी डब्यातली गुळपोळी देऊन शेजारच्या वाड्यातल्या मित्रांकडून त्यांच्या घरचा खाऊ घेतला, आणि त्या देवघेवीत दोन्ही भाषा शिकून घेतल्या. हे सारे खरे आहे, आणि ग्रंथात ते मोठ्या संख्येने आले आहे याचा आनंदच आहे.

परंतु लेखांचा गठ्ठा वाचून झाल्यावर संपादक मंडळाच्या लक्षात एक गोष्ट आली. लेख पाठवणारे बहुतेक पहिल्या दोन रांगांतले होते. मागच्या रांगांतून फारसे काही आलेच नव्हते. ज्यांना शाळा सुखाची गेली त्यांनाच महोत्सवाचे निमंत्रण आपल्याला आहे असे वाटते, आणि ज्यांना ती टोचली ते गप्प राहतात. मग साठ वर्षांचा इतिहास म्हणून जे छापले जाते, तो अर्ध्याच वर्गाचा इतिहास ठरतो.

या देशातल्या थोर माणसांनी आपल्या शाळेविषयी जे लिहून ठेवले आहे, ते मात्र असे एकाच चवीचे नाही.

मोहनदास गांधी राजकोटच्या हायस्कुलात शिकत होते. ते कमालीचे लाजाळू. घंटा होताच घराकडे पळत सुटायचे, कोणी बोलेल, थट्टा करील या धास्तीने. तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, तेव्हा शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खूण करूनही या मुलाने शेजाऱ्याच्या पाटीवरून शब्द उतरवला नाही, ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. त्याच आत्मकथेतला दुसरा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना व्यायाम सक्तीचा केला होता. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी चारला व्यायामासाठी परत यायचे होते. घरी वडील आजारी, मुलगा त्यांच्या सेवेत; जवळ घड्याळ नाही आणि आभाळ भरून आलेले. वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला तेव्हा मुले निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने घडले ते तसेच सांगितले, पण हेडमास्तरांना ते पटले नाही. दंड झाला.

दंड एक आणा होता की दोन आणे, हे गांधीजींना आठवत नाही. तो पुढे माफ झाला असावा, असे त्यांना पुसटसे स्मरते. परंतु आपण खोटे बोललो असे ठरवले गेले, याने झालेले दुःख सुमारे चाळीस वर्षांनंतरही त्यांच्या लेखणीत ताजे आहे. पुढे वडिलांनी स्वतः पत्र लिहिले आणि मुलाला व्यायामातून सूट मिळाली. इथे गिमींना दोष देण्याचा हेतू नाही. गांधीजींनीही तो दिलेला नाही. उलट ते शिस्तीचे, तरीही विद्यार्थ्यांचे आवडते होते असे त्यांनी नमूद केले आहे. चांगल्या हेडमास्तरांच्या हातूनही असे घडते, एवढेच त्यातून दिसते.

त्याच शाळेची दुसरी आठवण पाहावी. संस्कृत अवघड जाते म्हणून मोहनदास एके दिवशी फारसीच्या वर्गात जाऊन बसला. फारसीचे मास्तर सौम्य होते, अशी मुलांत वदंता होती. संस्कृतचे कृष्णशंकर मास्तर कडक. पण त्यांनी मुलाला शिक्षा केली नाही. जवळ बोलावून, वैष्णव घरातला तू, आपल्या धर्माची भाषा शिकणार नाहीस का, अडचण असेल तर माझ्याकडे ये, असे समजावले. मुलगा ओशाळून परत आला. आपल्याला पुढे शास्त्रग्रंथांत जो काही रस घेता आला तो त्या मास्तरांमुळे, असे गांधीजी कृतज्ञतेने लिहितात. एकाच शाळेच्या एकाच इमारतीत दंड आणि माया शेजारी शेजारी नांदत होती, आणि त्या विद्यार्थ्याने दोहोंची नोंद केली.

रवींद्रनाथ ठाकुरांची गोष्ट थोडी गमतीची. घरातली मोठी मुले शाळेत जातात, आपल्याला नेत नाहीत, म्हणून हा मुलगा रडू लागला. घरच्या शिक्षकांनी एक थप्पड दिली आणि बजावले, आज शाळेत जायला रडतोस, उद्या सुटण्यासाठी याहून जास्त रडशील. इतकी खरी ठरलेली भविष्यवाणी आपण आयुष्यात दुसरी ऐकली नाही, असे त्यांनी ‘जीवनस्मृती’त लिहिले. शाळेत धडा आला नाही तर मुलाला बाकावर उभे करून पसरलेल्या तळहातांवर पाट्यांची चळत ठेवत. त्या शाळेने रवींद्रनाथांना पहिले काय शिकवले? घरी येऊन ते व्हरांड्याच्या लाकडी गजांचे मास्तर झाले. हातात छडी घेऊन त्या मुक्या विद्यार्थ्यांना झोडपू लागले. पुढे वय वाढल्यावर त्यांनी त्यावर मार्मिकपणे लिहिले आहे : शिक्षकांची विद्या घेण्याआधी त्यांची रीत मूल किती सहज उचलते! घरात मुलगी बाहुल्यांची शाळा भरवते तेव्हा ती बाहुल्यांना कोणत्या सुरात बोलते, हे पालकांनी एकदा दाराआडून ऐकावे. शाळेच्या वार्षिक अहवालात न सापडणारी माहिती तिथे मिळते.

पुढच्या शाळेत एका शिक्षकांची भाषा इतकी ओंगळ होती, की रवींद्रनाथांनी त्यांच्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले आणि वर्षभर वर्गाच्या टोकाला गप्प बसून काढले. वार्षिक परीक्षेत बंगालीत त्यांनाच सर्वांत अधिक गुण मिळाले. त्या शिक्षकांनी पक्षपाताची तक्रार केली, परीक्षा पुन्हा झाली, पर्यवेक्षक परीक्षकाशेजारी येऊन बसले. निकाल तोच लागला. शाळेपासून पळ काढणाऱ्या या मुलाने 1901 मध्ये शांतिनिकेतनात झाडांच्या सावलीत स्वतःच शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. ती शाळा कोणत्या आठवणीतून उगवली, हे मात्र विसरले जाते.

आता साताऱ्याकडे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या वर्गात या मुलाला बसायला तरटाचा एक तुकडा होता, तोही इतरांपासून दूर, कोपऱ्यात. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हे सांगितले, ते जराही आवाज न चढवता. दप्तराबरोबर तरट वागवणारा नऊ वर्षांचा मुलगा वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही. माजी विद्यार्थ्यांना नळ खाली आलेला पाहून हसू येते. त्या मुलाला नळ आठवला असेल तेव्हा काय आले असेल?

आणि त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी या मुलाला देत. मुलाचे घर दूर होते, जेवायला जाऊन येण्यात त्याची सुट्टी संपून जाई. गोलमेज परिषदेला निघण्याच्या सुमारास त्या गुरुजींचे पत्र आले, ते बाबासाहेबांनी जपून ठेवले. घटनेच्या शिल्पकाराला त्या गुरुजींनी वर्गात काय शिकवले, याची फारशी चर्चा झाली नाही. भाकरी मात्र चरित्रकारांनी लिहून ठेवली.

रामेश्वरमच्या प्राथमिक शाळेत अब्दुल कलाम पाचवीत पहिल्या बाकावर बसत, देवळाच्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा रामनाथ शास्त्री याच्या शेजारी. नव्याने आलेल्या शिक्षकांना मुसलमान मुलाने पुजाऱ्याच्या मुलाशेजारी बसणे रुचले नाही. त्यांनी कलामांना मागच्या बाकावर धाडले. ‘अग्निपंख’मध्ये कलाम आपल्या दुःखाबरोबर दुसरीच एक गोष्ट सांगतात : ते मागे जाताना रामनाथला रडू कोसळले होते, आणि तो चेहरा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. दोन्ही मुलांनी घरी सांगितले. लक्ष्मण शास्त्रींनी शिक्षकांना बोलावून, निष्पाप मुलांच्या मनात विष कालवू नका, असे स्पष्ट बजावले. शिक्षकांना पश्चात्ताप झाला, आणि ते खरोखर बदलले. घरी जाऊन सांगता आले, आणि घरच्यांनी ते ऐकून घेतले, म्हणून ही गोष्ट तिथे मिटली. अनेक घरांत अशा वेळी ‘तूच काहीतरी केले असशील’ एवढे एकच वाक्य मुलाच्या वाट्याला येते.

आता या शाळेकडे परत यायचे ते एका पत्रासाठी. संपादक मंडळाच्या आवाहनाला एका माजी विद्यार्थिनीचे उत्तर आले. पत्र जेमतेम दीड पानाचे. ‘लेख लिहिण्याइतक्या माझ्याकडे आठवणी नाहीत, एकच आहे, आणि ती महोत्सवात शोभणारी नाही,’ अशी त्याची सुरुवात.

त्या आठवीत होत्या. वडिलांचे काम सुटले होते. महिन्याच्या ठरावीक तारखेपर्यंत फी भरली नाही, की वर्गात नावे वाचली जात आणि त्या मुलांना तास संपेपर्यंत उभे राहावे लागे. त्या दिवशी दोन नावे होती. दुसरा मुलगा गैरहजर होता, त्यामुळे त्या एकट्याच उभ्या राहिल्या. शेजारी बसणारी मैत्रीण पुस्तकात डोके घालून बसली. ‘तिचा राग नाही,’ असे त्यांनी लिहिले आहे, ‘तिच्या जागी मीही तेच केले असते.’ मग पुढच्या तासाचे शिक्षक वेळेआधीच दारात आले. त्यांनी एकदा वर्गाकडे पाहिले आणि खडूची पेटी पुढे करून म्हणाले, ‘ही कार्यालयात ठेवून ये पाहू, घाई नाही.’ त्या कार्यालयात गेल्या, पेटी ठेवली, टाकीवर तोंड धुतले आणि परतल्या, तेव्हा धडा सुरू झाला होता. तो कोणता धडा होता, कोणता विषय होता, हे त्यांना आठवत नाही. पेटी निळ्या पत्र्याची होती, हे आठवते.

हे पत्र छापावे की नाही, यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. महोत्सवात असे कशाला, हा एक विचार होता, आणि तो मांडणारे शाळेचे हितचिंतकच होते. नावे वाचण्याची ती पद्धत कधीच बंद झाली आहे, मग जुने कशाला उकरायचे, असाही मुद्दा आला. अखेर पत्र जसेच्या तसे छापायचे ठरले. ग्रंथात ते गुणवंतांच्या यादीआधी येईल. नाव घालू नये, असे त्यांनी कळवले होते. ते घातलेले नाही.

पत्रातले वर्ष धरून कार्यालयातल्या लिपिकांनी फीचे जुने रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण ते पान शाबूत आहे. त्या नावापुढे फी नऊ दिवसांनी जमा झाल्याची नोंद आहे, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने उशिराचा दंड लिहिला आहे : पंचवीस पैसे. पत्रात त्या दंडाचा उल्लेख कुठेही नाही.