गाण्याची वर्गणी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला गाता येत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तरी गाण्यावर बोलावयास उभी आहे, कारण आपल्या मंगळागौरीच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी माझ्या कपाटात आहेत, आणि त्या मागणारा एका कंपनीचा कागद मंडळाकडे आला आहे.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. तेव्हापासून शंभर वर्षे व्यवहार सरळ होता. तबकडी घ्या, पुढे कॅसेट घ्या, पैसे द्या, ती तुमची. म्हसळ्यात आमच्या आळीत पहिला टेपरेकॉर्डर कुवेतहून आला. फीत गुंतली की पेन्सिलीने गुंडाळावयाची आणि शेजारणीने मागितली की द्यावयाची. आता वस्तूच उरली नाही. मुंबईचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. कोणी जाहिराती सोसून मोबाइलवर ऐकतो, कोणी महिन्याची वर्गणी भरतो. गाणे मात्र कोणाचेच होत नाही.

मला वाटे, मी दिवसभर माणिक वर्मा ऐकते, तर माझी वर्गणी त्यांच्याच गाण्यांच्या खात्यात जात असेल. तसे नाही. सर्वांचे पैसे एका पेटीत पडतात आणि एकंदरीत ज्याचे गाणे जास्त वाजले त्याला जास्त वाटा. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याला त्यातले काहीच नाही. आपली झिम्मा-फुगडीची गाणी हजारदा कोण ऐकणार? आपण स्वतःच ऐकत नाही!

तेव्हा पैशाची आशा नको. मग सही करण्यास काय हरकत, असे काहीजणी म्हणतात. हरकत आहे. त्या कागदात सर्व हक्क कायमचे लिहून मागितले आहेत. लताबाईंनी साठच्या दशकात रॉयल्टीसाठी भांडण मांडले. गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्याने राखून ठेवावयास २०१२ उजाडले. आणि आपण तो एका सहीत सोडावयाचा? गाणी लोकांना जरूर ऐकवावीत. पण मंडळाच्या नावाने, आणि एक प्रत येथे कपाटात ठेवून.

गाणाऱ्या चौघींपैकी तिघी आता नाहीत. त्यांच्या लेकी समोर बसल्या आहेत. सही होण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे. आजवर कोणी विचारलेले नाही.