पळत संपवायचा खेळ, थांबून बघायचा खेळ

दर वेळी मी बचत, कर्ज, हप्ता असलं काहीतरी घेऊन येते. आज मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. हसू नका, आणि रेडिओ बंदही करू नका.

झालं असं की बारावीची परीक्षा देऊन माझा भाचा सुट्टीला आला. दिवसभर मोबाइल. एकदा मी रागावून बघितलं, तर तो स्वतः खेळत नव्हता, दुसऱ्याचा खेळ बघत होता. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. म्हटलं, हे काय रे? म्हणाला, "मावशी, याला स्पीडरन म्हणतात. हा खेळ साधारण वीस तासांचा आहे, हा माणूस काही तासांत संपवतोय."

खेळाचं नाव क्रोनो ट्रिगर. जपानमधल्या स्क्वेअर कंपनीने 1995 साली काढला, सुपर फॅमिकॉम नावाच्या यंत्रासाठी. टीव्हीला जोडायचं यंत्र, त्यात कॅसेट घालायची. आपल्याकडे तेव्हा तो आला नव्हता, पण आता मोबाइलवरही मिळतो. चित्रं काढली होती अकिरा तोरियामा यांनी. क्रोनो नावाचा मुलगा, मार्ल नावाची मुलगी आणि त्यांची मैत्रीण लुक्का. काळाच्या दारातून ही पोरं मागच्या-पुढच्या काळात जातात. तिथे त्यांना कळतं की 1999 साली जमिनीखालून लॅव्होस नावाचं संकट उठून जग जाळणार आहे. मग ते टाळायची धडपड. संकट कुठल्या टप्प्यावर हरवलं त्यावर शेवट ठरतो. डझनभर तरी शेवट आहेत.

स्पीडरन करणारे लोक काय करतात? तर त्यांना सगळी वाट पाठ असते. कुठली पेटी उघडायची, कुठली सोडायची. या खेळात बहुतेक शत्रू समोर चालताना दिसतात, त्यामुळे अंगाला न लागता कडेने निसटता येतं. लढाईत तुम्ही विचार करत बसलात तरी समोरचा थांबत नाही, म्हणून बोटं आधीच तयार हवीत. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला याची नोंद ठेवतात आणि मागच्या वेळेपेक्षा किती सेकंद वाचले ते बघतात. एकेका खेळावर लोक वर्षानुवर्षं मेहनत घेतात. मला वाटलं होतं रिकामटेकड्यांचा उद्योग असेल. पण आपल्या गटातल्या एखादीने रोजमेळ इतका पाठ ठेवला तर मी तिच्या पाया पडेन.

आणखी एक गोष्ट ऐका. 2010 च्या जानेवारीत अमेरिकेत असे काही खेळाडू जमले. कुठे, तर आयोजकाच्या आईच्या घराच्या तळघरात. जुने खेळ वेगाने खेळायचे, लोकांनी इंटरनेटवर बघायचं आणि देणगी द्यायची. दहा हजारांहून जास्त डॉलर जमले, ते त्यांनी केअर या संस्थेला दिले. केअर म्हणजे तीच, जिने 1991 साली आफ्रिकेत नायजर देशात बायकांचे गावातले बचत गट सुरू केले. नायजरच्या बायका पेटीत पैसे टाकतात, आपण वहीत मांडतो, एवढाच काय तो फरक. हे वाचलं तेव्हा भाच्याला म्हटलं, बस बाबा, बघ तू.

मग मीच तो खेळायला घेतला. माझं इंग्रजी बीएपुरतं, म्हणून सावकाश. रात्री भांडी झाली की अर्धा तास.

सुरुवातीला एक जत्रा आहे. तिथे मी एका म्हाताऱ्याचा डबा खाऊन टाकला, मला वाटलं खेळात सगळं चालतं. पुढे कोर्टात खटला उभा राहिला आणि तो डबा निघाला! हरवलेलं मांजर पोरीला परत दिलं का, मार्ल गोळ्या घेत होती तेव्हा घाई केली का, धक्का लागून ती पडली तेव्हा आधी तिला उठवलं की तिची माळ उचलली, सगळं विचारतात. आणि गंमत म्हणजे निर्दोष ठरलात तरी तुरुंगात टाकतातच.

पुढे एक बाई भेटते, फियोना. तिचं रान वाळवंट झालेलं. रोबो नावाचा यंत्रमानव म्हणतो, मी इथे थांबतो, झाडं लावतो. बाकीचे काळाच्या विमानात बसून क्षणात चारशे वर्षं पुढे येतात. तिथे जंगल उभं असतं आणि रोबो गंजून पडलेला. त्यांना क्षणभर, त्याला चारशे वर्षं. त्या रात्री सगळे जंगलात शेकोटी करतात, आणि मध्यरात्री लुक्काला जाग येते.

आता हे नीट ऐका. लुक्काची आई लारा पायाने अधू असते. दहा वर्षांपूर्वी घरातल्या यंत्रात तिचा झगा अडकला होता. लहानग्या लुक्काला यंत्र थांबवता आलं नव्हतं. जंगलातल्या लाल दारातून ती त्याच दिवशी परत पोचते. आई ओरडतेय, यंत्र ओढतंय, आणि तुमच्याकडे मोजके क्षण. परवलीचा शब्द आईचंच नाव. जुन्या यंत्राच्या बटणांवर एल, ए, आर अशी अक्षरं होती, तीच ओळीने दाबायची. जमलं तर आई वाचते. नाही जमलं तर खेळ तसाच पुढे जातो, पुन्हा विचारत नाही.

स्पीडरनवाले हा भाग बहुतेक वेळा सोडूनच देतात. लॅव्होसला हरवायला तो लागत नाही, उगाच वेळ जातो. त्यांचं बरोबरच आहे. सगळं काही पूर्ण करायची शर्यत वेगळी असते.

माझ्याच्याने मात्र तो सोडवला नाही. मी आठ वर्षांची असताना गोठ्यात कडबाकुट्टी चालू होती. आईचा पदर आत गेला, तो ओढायला तिने डावा हात घातला. मी दारात उभी होते. ती "बटण, बटण" म्हणून ओरडत होती. शेजारचे काका धावत आले तोवर तीन बोटं गेली होती. हे मी कधी कुठल्या बैठकीत सांगितलेलं नाही. दिवसात पाच गटांच्या बैठका उरकायच्या, हजेरी, बचत, परतफेड, सही, की पुढच्या वाडीला. कडबाकुट्टीसाठी कर्जाचे किती अर्ज मी पुढे पाठवले असतील! बटण कुठे बसवणार, हे एकीलाही विचारलं नाही. गेल्या महिन्यापासून विचारते. तीन घरी ते हाताला पुरेल इतकं खाली आणि यंत्राजवळ घेतलं. पदर खोचा, केस बांधा, हे तर आहेच.

खेळ एकदा संपला की त्यात न्यू गेम प्लस असतो, हे नावच या खेळाने दिलं. कमावलेली ताकद घेऊन पहिल्यापासून खेळायचं. तसा मी दुसऱ्यांदा घेतला, आणि लाराच्या जागी पोचले तेव्हा आईला शेजारी बसवलं. इंग्रजी मी सांगत होते. बटणं दाबली, यंत्र थांबलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू अजून तेच धरून बसलीयस होय? अगं, ते बटण माझ्या डोक्याच्याही वर होतं. तुला कुठलं पुरणार?"

मग भाकरीच्या पिठाचा हात पदराला पुसत म्हणाली, "बरं, त्या झाडं लावणाऱ्याचं पुढे काय झालं, ते दाखव."