कापण्याचा दर

स्वागताध्यक्ष, मंचावरचे मान्यवर, उद्यान खात्यांतून आलेले अधिकारी, ठेकेदार मंडळी, आणि मागच्या रांगांत जाऊन बसलेले माझे सोबती, म्हणजे झाडावर चढणारे आणि खाली दोर धरणारे,

अध्यक्षाने सुरुवातीला थोडी नम्रता दाखवायची असते. ती दाखवून झाली असे समजा, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि उद्यापासून आपल्यापैकी कुणाचाच फोन शांत राहणार नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. आपल्या कामाचा दर कशावर ठरतो? हेल्मेट, हार्नेस, चॅप्स हे सगळे विषय त्याच प्रश्नाच्या पोटात येतात.

आज बहुतेक ठिकाणी दर ठरतो बुंध्याच्या घेरावर, नाहीतर फांद्यांनी भरलेल्या ट्रकवर. जितके कापाल तितके पैसे. चढण्याआधी झाडाला एक फेरी मारायची, ढोली कुठे आहे ते बघायचे, बुंध्याशी भूछत्रे उगवली आहेत का, फुटपाथ करताना एका बाजूची मुळे तोडली आहेत का, विजेची तार कुठून जाते, हे सगळे पाहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी कुठल्याही निविदेत पाहिलेला नाही. कानस घेऊन साखळीला धार लावण्याचा वेळही नाही. आणि पैसे वाचवायची वेळ आली की फांदीच्या आधी छाटला जातो तो खालच्या माणसाचा रोज.

कटर मशीन आता काही हजारांत घरपोच मिळते. शिकवणारा मात्र घरपोच येत नाही. गंमत म्हणजे साखळीच्या करवतीचा जन्म जंगलात झालाच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दात असलेली साखळी वापरली, ती हाताने ओढायची. लाकडाकडे ती बरीच नंतर वळली. जर्मनीत आन्द्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत आणली, ती उचलायलाच दोन माणसे लागत. आजची झाडावर नेण्याची मशीन एका हातात मावते, आणि खरा घात तिथेच आहे. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्याने मशीन चालवायची, ही सवय आपल्याकडे कौशल्य म्हणून मिरवली जाते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. दोन्ही हात दांड्यावर असतील आणि डावा अंगठा दांड्याखालून वळलेला असेल, तर ती आवरण्याची आणि चेन ब्रेक लागण्याची आशा असते. मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही, हा नियमही त्याचसाठी.

चॅप्सबद्दल एक गैरसमज दूर करतो. ते चिलखत नाही. सर्वसाधारण चॅप्सची चाचणी होते ती सेकंदाला २० मीटर धावणाऱ्या साखळीवर. साखळी वरचे कापड फाडतेच. आतले लांब धागे मग बाहेर उपसले जातात, चक्रात गुंततात आणि मशीन गळाठते. म्हणून एकदा फाटलेले चॅप्स घरी शिवून पुन्हा घालायचे नसतात. पण हा पोशाख थंड देशांत घडला आहे. मे महिन्यातल्या मुंबईत, घामाने डोळे भरलेले असताना, दुपारी दोन वाजता तो घालून आंब्यावर चढून दाखवा, मग पोरांना बेशिस्त म्हणा. उपाय दमदाटीचा नाही, वेळेचा आहे. सकाळी सहाला काम सुरू करा आणि उन्हे चढली की उतरा. पण दिवसाला चार झाडे उरकली तरच ठेका परवडत असेल, तर हे कोण करणार?

आता झाडाकडे वळतो, कारण दर फक्त माणसाला मारत नाही. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शायगो यांनी आयुष्यभर झाडांची खोडे उभी चिरून पाहिली. त्यांचे म्हणणे असे की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजलेल्या भागाभोवती झाड भिंती घालते आणि त्याला कोंडते, बस. फांदीच्या मुळाशी जी फुगीर वळी असते ती शाबूत ठेवून कापले तर त्या भिंती धड उभ्या राहतात. बुंध्याला चाटून साफ कापले तर कूज थेट खोडात शिरते. वर डांबर फासून काही साधत नाही. शेंडा उडवण्याचे तेच. त्या ठिकाणी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो, लांबून हिरवागार दिसतो, फोटो छान येतो. पण त्या धुमाऱ्यांचा पाया सालीपुरताच असतो.

आणि काही वर्षांनी पुन्हा ठेका निघतो. तेव्हा त्याच झाडावर चढणारा कुणीतरी आपला दोर त्याच धुमाऱ्याला बांधतो. आजचा चुकीचा काप म्हणजे पुढच्या माणसाचा निसटलेला आधार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्यालाच लागू पडते. तेव्हा सुरक्षा आणि झाडाची निगा हे परिषदेच्या पत्रिकेवर दोन वेगळे विषय का छापले आहेत, ते मला कळले नाही.

कोकणातल्यांसाठी थोडे. माडाला सालीखालचा वाढीचा थर नसतो. चढण्यासाठी पाडलेली खाच त्यामुळे कधीच बुजत नाही, माड असेपर्यंत ती तशीच राहते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या माडांच्या आणि पोफळींच्या वाड्या झोपल्या. आडवी पडलेली झाडे निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात वाकलेले खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. ताणाच्या बाजूने मशीन लावली की ते सुटते आणि समोरच्याच्या छातीवर येते. आपल्या धंद्यातले सर्वात अवघड काम हे, आणि रस्ता मोकळा करण्याच्या घाईत ज्याच्या हातात कटर सापडेल त्याला ते दिले जाते.

अधिकाऱ्यांना एक सांगायचे आहे. नागरी क्षेत्रातल्या झाडांचा १९७५ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा मानले. वय मोजण्याची तसदी घेताच आहात, तर परवानगीच्या कागदावर कुठली फांदी, कुठे कापायची, हेही लिहा. ‘छाटणीस हरकत नाही’ एवढ्या ओळीवर निम्मे झाड उतरवता येते. (ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाच्या फांद्या बाजारात कुठून येतात, ते तूर्त विचारत नाही.)

दुपारच्या ठरावात तीन गोष्टी याव्यात अशी माझी सूचना आहे. दर तुकडीच्या दिवसावर ठरावा आणि झाडाची पाहणी त्यात वेगळी धरावी. खालच्या माणसाचा रोज दाखवल्याशिवाय बिल पास होऊ नये. आणि त्या माणसाने ‘थांब’ म्हटले की वरची मशीन बंद, मग बोलणारा वयाने कितीही लहान असो. वरच्याला समोरची फांदी दिसते. तार, रस्त्यावरून येणारी शाळेची पोरे, कलू लागलेला बुंधा हे खालच्यालाच दिसते.

या ठरावावर पहिल्यांदा मागच्या रांगांनी बोलावे. आम्ही ठेकेदार, मीही त्यातलाच, सगळ्यांत शेवटी बोलू.