परदेशांतील हौशी बिनतारी आणि मनुष्यनिर्मित कोलाहल



कणकवलीस गडनदीकांठीं रात्रीं वीज गेली, कीं बॅटरीवर ऐकणाऱ्या हौशी बिनतारीवाल्यास आनंद होतो! खरखर ओसरते आणि दूरदेशींचा क्षीण आवाज वर येतो.

तोच गृहस्थ परदेशीं दाट वस्तींत राहूं लागला, कीं त्याची परीक्षा सुरू होते. परवान्याचीं कागदपत्रें एक वेळ पुरीं होतात; खरखर मात्र हटत नाहीं. एलईडी दिवे व चार्जर यांतील मंडलें विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करतात. त्याचे पडसाद लघुलहरींवर उमटतात. १९३३ सालीं कार्ल जान्स्कीनें अशाच खरखरींतून आकाशगंगेचा आवाज वेगळा ओळखला. आज शहरांत तोहि बुडून जातो.

मग उपाय काय? प्रथम स्वतःच्या घराचा मुख्य खटका बंद करून बॅटरीवर ऐकावें. खरखर थांबली, तर चोर घरांतच आहे! एकेक उपकरण तपासून दोषी तारेवर फेराइटचें कडें बसवावें. खरखर बाहेरची असेल, तर वेटोळ्याचें एरियल हळूहळू फिरवावें. एका विशिष्ट दिशेस तें बहिरें होतें. तेवढ्यानेंहि न भागल्यास समुद्रकिनारा गांठावा. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यांत उभ्या एरियलचा संदेश दूरवर जातो. २० मीटरच्या पट्ट्यावर, आकाश अनुकूल असतां, मोजक्या वॉटांतहि कोंकण गांठतां येतें.

शेजाऱ्याचें दार ठोठावण्यापूर्वीं आपला खटका बंद करून पाहावा, एवढेंच माझें सांगणें.