न आलेला रोगी

वैद्यकांतील संशोधन म्हटलें म्हणजे नवीं औषधें, नवीं यंत्रें आणि सूक्ष्म जंतूंचा शोध एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मला ज्या संशोधनाविषयीं बोलावयाचें आहे, त्याचा विषय मात्र दवाखान्यांतील रिकामी खुर्ची हा आहे. डॉक्टरांनीं वेळ नेमून दिलेली असते, सर्व सिद्धता झालेली असते, आणि ज्याच्यासाठीं ही सिद्धता तो रोगी येतच नाहीं. निरोपहि पाठवीत नाहीं. त्याची तपासणी राहून जाते आणि त्या वेळांत जो दुसरा कोणी तपासला गेला असता त्याचीहि राहते. अशा माणसाला बेफिकीर ठरवून आपण मोकळे होतों. हा निकाल कितपत न्याय्य आहे, हें गेल्या वीस-बावीस वर्षांतील कांहीं अभ्यासांच्या आधारें पाहूं.

न येण्याचें पहिलें कारण अगदीं साधें आहे, आणि तें म्हणजे विसर. कॉक्रेन ह्या संस्थेनें २०१३ सालीं आठ चांचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून प्रसिद्ध केले. ज्यांना कसलीच आठवण दिली नव्हती, त्यांच्यापैकीं शेंकडा ६७.८ रोगी हजर राहिले. मोबाइलवर लेखी संदेश गेलेल्यांत हें प्रमाण ७८.६ होतें, आणि ज्यांना प्रत्यक्ष दूरध्वनि केला त्यांच्यांत ८०.३. बोलून सांगणें व लिहून कळविणें यांच्या परिणामांत फारसें अंतर नाहीं. खर्चांत मात्र आहे.

संदेशांत शब्द कोणते असावेत, ह्याचीहि परीक्षा झाली. लंडनमधील बार्ट्स हेल्थ ह्या रुग्णालयसमूहांत केलेल्या दोन चांचण्या २०१५ सालीं प्रसिद्ध झाल्या. नेहमीचा संदेश गेलेल्यांपैकीं शेंकडा ११.१ रोगी गैरहजर राहिले. ज्यांच्या संदेशांत, आपण न आल्यास राष्ट्रीय आरोग्यसेवेस सुमारें १६० पौंडांचा भुर्दंड पडतो, असें एक वाक्य घातलें होतें, त्यांच्यांत हें प्रमाण ८.४ वर आलें. नुसतें 'आरोग्यसेवेचा पैसा वाया जातो' असें मोघम लिहिल्यानें मात्र तेवढा उपयोग झाला नाहीं. उपदेश कानांवरून जातो; आंकडा मनांत ठसतो.

इंग्लंडांतच बेडफर्डशायर परगण्यांतील दवाखान्यांत झालेला एक प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला, तो याहूनहि सोपा होता. पुढील भेटीची वेळ कारकुनानें चिठ्ठीवर लिहून देण्याऐवजीं ती रोग्याकडूनच लिहवून घेतली. आधींच्या महिन्यांशीं ताडून पाहतां गैरहजेरी शेंकडा १८ नीं घटली. ही तुलना एकाच ठिकाणच्या मागल्या काळाशीं असल्यामुळें हा पुरावा लंडनच्या चांचण्यांइतका भक्कम म्हणतां येणार नाहीं. तथापि, स्वतःच्या हातानें लिहिलेला शब्द मनुष्य सहसा मोडीत नाहीं, हा व्यवहारांतील अनुभव त्याशीं जुळतो.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु आठवण देऊनहि जे येत नाहींत, त्यांचें काय? अमेरिकेंत ३४ रोग्यांना हा प्रश्न समक्ष विचारण्यांत आला आणि त्यांचीं उत्तरें २००४ सालीं छापून आलीं. कित्येकांना भय वाटत होतें. तपासणीचें, आणि तींतून कांहीं वाईट निघेल ह्याचें. कित्येकांची तक्रार अशी होती कीं, आम्हांला तासन्‌तास बसवून ठेवणारांना आमच्या वेळेची किंमत नाहीं, मग आम्हीं त्यांच्या वेळेची कां ठेवावी? आणि कांहींजण तर, आपण न गेलों म्हणजे डॉक्टरांना तेवढीच उसंत मिळेल, अशा समजुतींत होते! यांपैकीं एकहि कारण निव्वळ विसराचें नाहीं. त्यांवर संदेशाची मात्रा चालणार कशी?

स्कॉटलंडांतील पांच लाखांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासून २०१९ सालीं जो निष्कर्ष निघाला, तो ऐकून मनुष्य गंभीर झाल्यावांचून राहत नाहीं. ज्यांना दीर्घकालीन मानसिक विकार होता आणि ज्यांनीं वर्षाला दोनांहून अधिक भेटी चुकविल्या, त्यांना मृत्यूचा धोका एकहि भेट न चुकविणारांच्या मानानें आठपटींहून अधिक असल्याचें आढळलें. भेट चुकल्यामुळेंच ते दगावले असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण जो वारंवार येत नाहीं, त्यालाच डॉक्टरांची गरज सर्वांत अधिक असूं शकते, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

आणि आपण त्याच्याशीं वागतों कसे? अमेरिकेंतील कित्येक दवाखाने पूर्वींच्या नोंदींवरून, कोण येणार नाहीं याचें भाकित संगणकाकडून करवितात आणि त्याच्या वेळेवर दुसऱ्यालाहि बोलावतात. दोघेहि आले कीं एकाला तिष्ठत बसावें लागतें. २०२२ सालीं छापलेल्या एका अभ्यासांत ह्या पद्धतीमुळें कृष्णवर्णीय रोग्यांना इतरांहून सुमारें शेंकडा ३० अधिक वेळ थांबावें लागतें, असें दिसून आलें. गरिबीमुळें ज्याची वाट आधींच बिकट, तो कष्टानें येऊन पोंचला तरी शिक्षा त्यालाच! सर्वांत अधिक खोळंबणाऱ्या गटाचा खोळंबा कमी करावयाचा, असा हिशेब मांडल्यास हा अन्याय जवळजवळ त्याच खर्चांत टळतो, असेंहि त्याच संशोधकांनीं दाखविलें आहे.

तेव्हां विसरणाराला आठवण द्यावी. ती स्वस्त आहे आणि गुणकारीहि आहे. आपण स्वतः भेटीची वेळ आपल्या हातानें लिहून ठेवावी, आणि जाणें जमणार नसेल तर आगाऊ कळवावें, म्हणजे ती वेळ दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल. मात्र घरांतील एखादें वडील माणूस "पुढच्या आठवड्यांत पाहूं" असें म्हणत तपासणी पुन्हां पुन्हां टाळूं लागलें, तर त्याला तारखेची आठवण देऊन थांबूं नये. जवळ बसून, कशाची भीति वाटते तें विचारावें. आणि दवाखान्यानेंहि, दोनदां न आलेल्या रोग्याचें नांव यादींतून खोडण्यापूर्वीं, तो कां आला नाहीं याची चौकशी न रागावतां करावी.